जुनी मोटार पारखताना

मुळशी तालुक्यात, पौडहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत माझ्या मामांचे घर आहे. घरात माणसे आठ. आजी, मामा-मामी, मामेभाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुले. भाताची खाचरे आणि दोन म्हशी यांवर घर चालते. आजीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी दर महिन्याला पुण्याला जावे लागते आणि पावसाळ्यात एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिला चालवत नेणे म्हणजे मोठेच दिव्य. तेव्हा गाडी घ्यायचीच, पण नवी परवडणार नाही, जुनी घ्यायची, असे ठरले. मामांनी चार वर्षांत साडेचार लाख रुपये साठवले होते. ते एकदा चुकीच्या गाडीत गेले असते तर पुन्हा साठायला आणखी चार वर्षे!

मामांनी मला बोलावून घेतले. "मी विज्ञानाचा शिक्षक आहे मामा, मोटारींतले मला काय कळणार?" असे मी म्हटले. "आरं, पोरान्ला इंजन शिकिवतोस ना? मग झालं तर!" हे त्यांचे उत्तर. आता माघार कशी घेणार?

मित्रहो, एंजिन फळ्यावर काढणे सोपे असते. पण विकायला उभी केलेली मोटार म्हणजे धुऊन-पुसून, पॉलिश करून बसवलेली नवरीच! तिचे खरे वय, तिचे आजार, तिने उपसलेले कष्ट हे सारे शोधून काढायचे असते. यासाठी लागणारे बहुतेक विज्ञान तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकात आहे. मामांची नववीतली नात माझ्याबरोबर हिंडली. तिच्या दप्तरात एक लोहचुंबक, एक टेप, एक पेन्सिल, कोरे कागद आणि वही एवढेच साहित्य होते.

पहिला प्रश्न, गाडी कोणती? आठ माणसांच्या गाडीशी पुणे जिल्ह्याचे नाते जुने आहे. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातून निघालेली मॅटॅडोर एके काळी वऱ्हाडापासून शाळेच्या सहलीपर्यंत सर्वत्र दिसे. १९९४ साली पुण्यात टाटांची सुमो तयार झाली. सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. २००० साली टोयोटाची क्वालिस आली, २००५ मध्ये ती जाऊन इनोव्हा आली. २००० मध्येच महिंद्राची बोलेरो आणि २००९ मध्ये झायलो आली, तर मारुतीची एर्टिगा २०१२ मध्ये. यांपैकी काहींत सात जागा आहेत, काहींत आठ. किती जण बसू शकतात हे आसनांकडे पाहून ठरवू नका. नोंदणीपत्रात, म्हणजे ज्याला सगळे 'आरसी बुक' म्हणतात त्यात, आसनसंख्या लिहिलेली असते आणि ती चालक धरून असते. आठ जणांच्या घराने सात जणांची गाडी घेतली की आठवा माणूस कायद्याच्या आणि सुरक्षेच्या दोन्ही दृष्टींनी बाहेरच राहिला. काही जुन्या गाड्यांत मागे समोरासमोर आडवी बाके असतात. त्यांवर माणसे जास्त मावतात खरी, पण गाडी एकदम थांबली की जडत्वामुळे शरीर पुढेच जात राहते आणि आडव्या बसलेल्या माणसाला टेकायला पुढे काहीच नसते. त्या बाकांना पट्टेही बहुधा नसतात. मामांच्या यादीतून अशा गाड्या मी पहिल्याच दिवशी खोडल्या.

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणून तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी दोनच वर्षांत तपासणी, शुल्क आणि डागडुजी हा खर्च उभा राहतो. 'स्वस्त' हा शब्द नेहमी प्रतिकिलोमीटर वापरावा. गाडीची किंमत आणि दुरुस्त्या यांची बेरीज करा, पुढे विकताना जे मिळेल ते वजा करा आणि उत्तराला एकूण किलोमीटरांनी भागा. समजा, चार लाखांची गाडी पाच वर्षे वापरली, दुरुस्ती व टायर यांवर एक लाख गेले आणि शेवटी दीड लाखाला विकली. तर साडेतीन लाख रुपये खरे खर्च झाले. वर्षाला ८,००० प्रमाणे पाच वर्षांत ४०,००० किलोमीटर झाले असतील तर इंधन सोडून प्रत्येक किलोमीटरला पावणेनऊ रुपये पडले. हे गणित नातीने मांडले तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी पुण्याला जाऊन यायचं म्हटलं तर पाचशेच्या वर? डिझेल येगळंच?" हो, वेगळेच.

पहिली गाडी पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे पाहिली. २०१५ सालची, पांढरी शुभ्र, आठ आसनांची. तबकडीवर आकडा ६२,००० किलोमीटर. मामी तर लगेच म्हणाल्या, "आरं, गाडी चकाचक हाय की!"

अंतर मोजणारे यंत्र, म्हणजे ओडोमीटर, हा साक्षीदार विकत घेता येतो. पूर्वी त्याची दातेरी चाके उलटी फिरवत, आता इलेक्ट्रॉनिक स्मृतीत फेरफार करतात. पण झीज कुणाला उलटी फिरवता येत नाही. क्लचच्या पायपट्टीचे रबर पाहिले तर त्यावरच्या रेघा पार गुळगुळीत झालेल्या. स्टिअरिंगच्या चाकाचे कातडे वरच्या बाजूला चकचकीत. चालकाच्या आसनाची बाहेरची कड दबलेली. प्रत्येक वेळी उतरताना ती कड घासली जाते, म्हणून ती गाडी किती वेळा थांबली याची नोंदच असते.

मग नात टायरांकडे वळली. टायरच्या कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. '२३१९' असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. या गाडीचा जादा टायर, म्हणजे स्टेपनी, २०१५ चा होता, मागचे दोन २०१९ चे आणि पुढचे दोन २०२२ चे. टायर साधारणपणे चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चालतो. ६२,००० किलोमीटर चाललेल्या गाडीला एकदा टायर बदलावे लागले असतील हे समजू शकते. पण २०१९ चे मागचे टायरही आता पार घासून गेले होते. हिशेब जुळेना.

आरसी बुकाने कोडे सोडवले. गाडी आधी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली होती आणि २०२१ मध्ये खासगी झाली होती. म्हणजे पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे होती, ती जाऊन पांढऱ्या पाटीवर आली. मुळशी तालुक्यातच हिंजवडी आहे. तिथल्या संगणक कंपन्यांची माणसे ने-आण करणाऱ्या अशा गाड्या दिवसपाळी आणि रात्रपाळी अशा दोन्ही पाळ्यांत पळतात. रोज १२० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस आणि सहा वर्षे धरली तर २,१६,००० किलोमीटर होतात. आम्ही कंपनीच्या सेवा केंद्रात गाडीच्या क्रमांकावरून नोंद काढायला सांगितली. शेवटची नोंद २०२१ ची, १,९४,००० किलोमीटर! विक्रेता म्हणाला, "मीटर बदललाय साहेब." असेलही. आम्ही नमस्कार करून निघालो. भाड्याने फिरलेली गाडी वाईटच असते असे नाही. रोज पळणारे एंजिन कधी कधी उभ्या गाडीपेक्षा सुदृढ असते. पण जिचे अंतर लपवले तिचे आणखी काय लपवले असेल, हे कसे मोजणार?

दुसरी गाडी अगदी उलट. चाललेली खरोखरच कमी. पायपट्ट्या नव्यासारख्या, टायर मूळचेच. मालक सभ्य. पण दार उघडताच अत्तराचा भपकारा आला. मोटारीत एवढे अत्तर कशाला? नातीला मी मागच्या आसनाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढायला सांगितले. रोज वापरात न येणारा शेवटचा हातभर भाग बाहेर आला, त्यावर मातकट रेघ होती. जादा चाकाच्या खळग्यात बोटाला बारीक गाळ लागला. आसनाखालच्या लोखंडी रुळांवर गंज, पुढच्या दिव्याच्या काचेत आतून पाण्याचे थेंब. गाडी नदीकाठच्या एका वसाहतीतली होती. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरले होते, हे तुम्हांला आठवत असेल. पाणी ओसरल्यावर एंजिन धुता येते, आसने बदलता येतात. पण आजच्या मोटारीत तारांचे मैलभर जाळे असते. त्याच्या जोडण्यांत ओल राहिली की तांबे हळूहळू गंजते, आणि सहा महिन्यांनी एखाद्या रात्री, भर पावसात दिवे बंद पडतात. मालकाने आपण होऊन सांगितले असते तर निदान भाव तरी करता आला असता.

तिसऱ्या गाडीला जाताना मामांचा उत्साह बराच मावळला होता. ही २०१६ ची, डिझेलवर चालणारी, आठ आसनांची. मालक निवृत्त झालेले गृहस्थ. डाव्या दाराला पोचा, पुढच्या बंपरवर ओरखडे. तबकडीवर १,२८,००० आणि दुरुस्तीच्या पावत्यांची फाइल हातात. कोणत्या कंपनीची, ते मुद्दामच लिहीत नाही. नाहीतर तुमच्यापैकी निम्मे जण तपासणी सोडून तेवढे नावच लक्षात ठेवतील.

आम्ही सकाळी सात वाजता, न कळवता लवकर गेलो होतो. कारण असे की एंजिन गार असतानाच त्याचे दुखणे बोलते. विकणारा आधीच ते तापवून ठेवतो. म्हणून पहिले काम म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवणे. गार होते. मग चावी फिरवली. तबकडीवर ब्रेकचा, तेलदाबाचा आणि एबीएसचा असे इशाऱ्याचे दिवे लागून क्षणात विझले पाहिजेत. दिवा लागलेलाच राहिला तर दोष आहे, आणि मुळात लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून टाकला आहे. दुसरी स्थिती जास्त वाईट!

एंजिन सुरू झाल्यावर मागे धूर पाहायचा. गार सकाळी थोडी पांढरी वाफ दिसली तर घाबरू नका. इंधनातला हायड्रोजन जळून पाणीच तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, हे तुम्हांला खरे वाटेल काय? निळसर धूर मात्र एंजिनचे वंगणतेल जळत असल्याची खूण, म्हणजे दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांची झाकणे झिजली. काळा धूर म्हणजे इंधन अर्धवट जळते. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर थंडाव्याचे पाणी आत शिरत असावे. तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा फेस साठला असेल तर त्या संशयाला बळकटी येते. रेडिएटरचे झाकण मात्र एंजिन गार असतानाच उघडावे. आतले पाणी प्रेशर कुकरप्रमाणे दाबाखाली असते, त्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास तापमानालाही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि सारे एकदम उसळते.

आमच्या गाडीतून थोडी वाफ आली आणि पाच मिनिटांत थांबली. नातीने तलम फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांवरून, चाकांवरच्या कमानींवरून फिरवले. पत्रा असेल तेथे ते चिकटते, आत लांबी भरून वरून रंग दिला असेल तर घसरून पडते. पोचा असलेल्या दाराखेरीज सगळीकडे चिकटले. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तेथे चिकटणार नाही, हे तिला सांगावे लागले नाही. टेपने चारही चाकांवर जमिनीपासून कमानीपर्यंतची उंची मोजली. डाव्या-उजव्या बाजूंत एक सेंटिमीटरहून कमी फरक, म्हणजे स्प्रिंगा बसलेल्या नाहीत. शेवटी चासी क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली. नाण्यावर घासता तशीच. १७ अक्षर-अंकांची छाप उमटली, ती आरसी बुकाशी ताडून पाहिली. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो तसा आरसी बुकावरही कर्जाचा बोजा असू शकतो. तो फिटल्याची नोंद होती. दंडाची थकलेली पावती एक निघाली, ती मालकांनी तेथेच भरली.

आता खरी परीक्षा घाटाची. सपाट रस्त्यावर दोन माणसे घेऊन केलेली फेरी मुळशीकरांच्या कामाची नाही. मामांनी सगळे घर आणले होते. आजीसुद्धा. पिरंगुटच्या घाटात आठ जणांसह चढताना एंजिन कुरकुरले नाही, क्लच घसरला नाही, तापमानाचा काटा मध्यावरच राहिला. परतीच्या उतारावर मात्र मेकॅनिकने दोनदा-तीनदा ब्रेक दाबले आणि तो म्हणाला, "पायाला जरा स्पंज लागतोय."

येथे थोडे गणित करू. गाडी १,७५० किलोग्रॅम आणि माणसे-सामान ४५० किलोग्रॅम, एकूण २,२०० किलोग्रॅम. मामांच्या घरापासून पुढे ताम्हिणी घाट कोकणात उतरतो. समजा, गाडी ५०० मीटर खाली उतरली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण ९.८ आणि उंची यांचा गुणाकार करा. स्थितिज ऊर्जा येते सुमारे १ कोटी ८ लाख जूल. २५ अंशांचे ३४ लिटर पाणी, म्हणजे चांगल्या तीन कळश्या, उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी हीच गाडी एकदा थांबवायला सुमारे ३ लाख जूल उष्णता ब्रेकमध्ये जिरवावी लागते. म्हणजे तो घाट उतरणे हे ताशी ६० वरून पस्तीस वेळा थांबण्याइतके झाले! काही ऊर्जा हवेच्या रोधात आणि टायरांत जाते. उरलेली सगळी ब्रेकवर सोपवली तर ब्रेक लालबुंद व्हायचे. म्हणून घाटात खालचा गिअर टाकतात. चाकेच मग एंजिनला फिरवतात आणि घर्षणात व हवा ओढण्या-ढकलण्यात बरीच ऊर्जा खर्च होते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे महाभाग आहेत. ते चार रुपये वाचवण्यासाठी या तीन कळश्या ब्रेकवर ओततात.

आणि स्पंज कसला? पायाचा दाब चाकांपर्यंत एका द्रवामार्फत पोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पास्कलचा नियम आपल्या उपयोगी पडतो. पण हे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. मुळशीच्या पावसाळ्यात तर तिला तोटाच नाही. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक तापले की हे ऑइल उकळते, नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. वायू मात्र दाबला जातो! मग पाय तळापर्यंत जातो आणि चाकांना काहीच कळत नाही. नळीत साधी हवा शिरली तरी पाय असाच मऊ लागतो. मेकॅनिकने ऑइलमध्ये पेनासारखे छोटे यंत्र बुडवले. पाणी मिसळले की द्रवाची विद्युतवाहकता वाढते, त्यावर ते चालते. तांबडा दिवा लागला. पावत्यांच्या फाइलमध्ये एंजिनचे तेल सोळा वेळा बदलल्याची नोंद होती, ब्रेक ऑइलची एकदाही नव्हती. ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. मालक ओशाळले. त्यांनी लपवले नव्हते, त्यांना माहीतच नव्हते.

मामा गाडी नाकारायला निघाले होते. "बिरेकच न्हाई तर काय करायचं?" मी त्यांना थांबवले. मेकॅनिकने चाके काढून पाहिली होती. चकत्या आणि नळ्या शाबूत होत्या. ब्रेक ऑइल आणि पुढचे पॅड बदलायला काही हजार रुपये लागणार होते. पहिल्या दोन गाड्यांचे दोष मोजताच येत नव्हते, या दोषाची किंमत कागदावर लिहिता येत होती. ती, चार टायरांची किंमत आणि दाराच्या पोच्याचा खर्च नातीने वहीत मांडून मालकांपुढे ठेवला. ४,२०,००० वरून ३,७५,००० वर सौदा झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, विमाही मामांच्या नावावर करून घेतला.

श्रावणात मामेभाऊ सगळ्यांना घेऊन ताम्हिणी उतरून माणगावला पाहुण्यांकडे गेला. मी बरोबर होतो. नवे ब्रेक ऑइल, नवे टायर, छपरावर सामान नाही, सारे खाली. उंचावर वजन ठेवले की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी जास्त कलते, हे मुलांनीच वडिलांना सांगितले होते. तो दुसऱ्या गिअरमध्ये इतका सावकाश उतरत होता की मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. आजी म्हणाली, "वाजवू दे त्यान्ला."

घाट संपल्यावर चहाला थांबलो. नात खाली उतरली आणि पुढच्या चाकाजवळ, न शिकवता, वीतभर अंतरावर तळहात धरून उभी राहिली. "काका, कोमट आहे," ती म्हणाली आणि वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि 'कोमट' असे लिहून चहा प्यायला गेली.